रिकाम्या पाणंदीचा फोटो

संजूदादाने मोठा कॅमेरा घेतला त्या सालापासून आमच्या घरातला संध्याकाळचा चहा कधी वेळेवर झाला नाही. त्याआधी तो भोंग्यावर व्हायचा. हायवेपलीकडच्या कंपनीचा भोंगा वाजला की आई शेतातून निघायची, मी चहाचं आधण ठेवायचे, आणि पहिली शिफ्ट करून आलेले आण्णा, म्हणजे माझे वडील, एक झोप काढून ओट्यावर येऊन बसायचे. आण्णा प्रेस शॉपमध्ये होते. पत्रा दाबणाऱ्या यंत्रापाशी उभं राहून राहून त्यांना कमी ऐकू यायला लागलं होतं, आणि त्यांना कमी ऐकू येतं म्हणून आमचं अख्खं घर मोठ्यानं बोलायचं. आमच्या कुरुळी गावात नव्यानं भाड्यानं राहायला आलेल्या लातूरकडच्या एका बाईंनी आईला काळजीनं विचारलं होतं, "ताई, तुमच्यात रोजच भांडण असतंय का?" आई म्हणाली, "न्हाई, आमी बोलतोय."

संजूदादा माझा थोरला भाऊ. हायवेला लागून एका पत्र्याच्या गाळ्यात त्याचा स्टुडिओ होता. पासपोर्ट फोटो, लग्नं, बारशी, आणि निवडणूक आली की फ्लेक्ससाठी हात जोडलेले उमेदवार. हे हात किती दिवस जोडलेले राहतात याचा त्याला चांगला अनुभव असल्यामुळे माणसांच्या फोटोंचा त्याला वीट आला होता. त्याला निसर्गाचे फोटो काढायचे होते. कुरुळीत एका बाजूला हायवे, दुसऱ्या बाजूला गोदामं आणि वरून हाय टेन्शनच्या तारा. यात निसर्ग नेमका कुठं धरायचा, हे त्याला कोणी विचारलं नाही. त्यानं आपलं आपण ठरवलं. आमच्या शेताकडे जाणारी पाणंद, तिच्या कडेच्या बाभळी, खाली ओढा आणि मागं पश्चिमेचा डोंगर. एवढ्या चौकटीत एकही खांब येत नाही हे त्यानं अनेक संध्याकाळी खर्चून शोधून काढलं होतं.

डोळ्याला दिसतं ते कॅमेऱ्याला दिसत नाही, ही त्याची मोठी तक्रार. संध्याकाळी पाणंदीच्या तोंडाशी उभं राहिलं तर आपल्याला ढगांच्या पेटलेल्या कडाही दिसतात आणि बांधाच्या सावलीतलं गवतही. कॅमेरा दोन्हीपैकी एकच काहीतरी धरतो. आकाश धरलं तर जमीन तव्यासारखी काळी, जमीन धरली तर आकाश धुतलेल्या धोतरासारखं पांढरं. यावर इलाज म्हणजे एचडीआर. ही तीन अक्षरं दादा इतक्या आदरानं उच्चारायचा की आण्णांना वाटलं चाकणला नवी कंपनी आली. "भरती चालू हाय का?" त्यांनी विचारलं. इलाज असा होता: कॅमेरा ट्रायपॉडवर घट्ट बसवायचा आणि तो तसूभरही न हलवता त्याच दृश्याचे एकामागून एक बरेच फोटो घ्यायचे. एक अंधारा, एक उजळ, बाकीचे मधले. मग कॉम्प्युटरवर आकाश अंधाऱ्यातून घ्यायचं, जमीन उजळातून, आणि सगळं एकावर एक बसवायचं. ट्रायपॉड वाऱ्यानं हलू नये म्हणून त्याला खाली दगडांची पिशवी टांगायचो. ती पिशवी वाहून नेणं माझ्याकडे होतं. मी तेव्हा कॉलेजात होते आणि वाचनालयातून आणलेलं पुस्तक त्या पिशवीत दगडांबरोबर जायचं, कारण दादा ढगाची वाट बघत बसला की तासभर हलत नसे.

संध्याकाळचा उजेड मात्र कोणासाठी थांबत नाही. ढग सरकतो, ऊन बांधावरून उतरून ओढ्यात जातं, बाभळीची सावली बघता बघता वाट ओलांडते. दादा पहिला फोटो घ्यायचा तेव्हा एक संध्याकाळ असायची आणि शेवटचा घ्यायचा तेव्हा दुसरी. तयार झालेल्या फोटोत दोन्ही असायच्या. "हा किती वाजताचा म्हणायचा?" मी एकदा विचारलं. तो म्हणाला, "तुला काय करायचंय? चांगला दिसतोय ना?" आता हे सगळं खिशातला फोन आपणहून करतो. बटण एकदा दाबलं की गुपचूप बरेच फोटो घेतो, न विचारता जुळवतो, आणि नेमकी तशी कधी झालेलीच नाही अशी संध्याकाळ आपल्या हातात ठेवतो. माझ्या भाच्यांना यात काही गैर वाटत नाही. माझीही फोनबद्दल तक्रार नाही. फोन कोणाची वाट अडवत नाही.

पाणंद म्हणजे दोन बांधांमधली गाडीवाट. ती हायवेच्या बाजूनं सुरू होऊन ओढ्यापर्यंत जायची आणि आमच्यासकट त्या अंगाच्या सगळ्या शेतांना तेवढाच रस्ता होता. ती कोणाच्या मालकीची नव्हती. कागदावर ती आहे की नाही हे कोणी पाहिलं नव्हतं, कारण पायाखालची वाट कागदावर शोधायची आमच्यात पद्धत नव्हती. आमच्यात पद्धत होती मुरमाची. पावसानं वाट उखडलेली असायची, म्हणून दसरा झाला की घरटी एक गाडी मुरूम पाणंदीवर टाकायचा. ज्याचा मुरूम त्याची वाट. ज्यांच्याकडे बैल उरले नव्हते त्यांनी ट्रॅक्टर सांगायचा, पण शांताराम तात्या, आमचे शेजारचे बांधकरी, अजून बैलगाडी राखून होते आणि पहिली गाडी त्यांची, हा मान कोणी काढून घेतला नव्हता. मुरूम पसरून झाला की तिथंच झाडाखाली बसून बाजरीची भाकरी, वांग्याचं भरीत आणि कच्चा कांदा खायचा. या जेवणाला मी गेले नाही असं एकही वर्ष मला आठवत नाही. तात्या भरताच्या तिखटावरून दर वर्षी आईला बोलायचे आणि दर वर्षी दुसऱ्यांदा मागून घ्यायचे.

दादाची अडचण अशी की चांगला उजेड पडायचा तीच बायकांची घरी परतायची वेळ. चालणारं माणूस प्रत्येक फोटोत वेगळ्या जागी असतं. फोटो एकावर एक बसवले की त्याचा धूर होतो. अर्धी साडी, साडीतून आरपार दिसणारी बाभळ, एक पाटी दोन ठिकाणी. दादा याला घोस्ट म्हणायचा आणि ते घालवण्यात त्याचा जीव जायचा. युक्ती तशी साधी होती. ज्या फोटोत वाटेचा तेवढा तुकडा मोकळा असेल, तो तुकडा तिथून उचलायचा. पुरेसे फोटो असले की प्रत्येक तुकडा कधी ना कधी मोकळा सापडतोच. असं करत करत अख्खी पाणंद मोकळी व्हायची, आणि दादा खुर्चीत मागं रेलून म्हणायचा, "क्लीन."

एकदा त्यानं आईलाच थांबवलं.

"आई, थांब की तिथंच. हलू नको."

"डोक्यावर वैरण हाय माझ्या."

"दोन मिनटं गं."

आई थांबली. तिच्या मागून येणारी म्हैस थांबली नाही. तयार फोटोत आई देवळातल्या मूर्तीसारखी ठळक आली, म्हैस गायब, आणि आईच्या हातातलं दावं सरळ जाऊन हवेत संपलं होतं. आईनं तो फोटो बराच वेळ पाहिला.

"म्हंजी उभं ऱ्हायलं तर माणूस दिसतं, आन् चाललं तर न्हाई?"

"तसंच."

"मग कामाचं माणूस दिसायचं कसं रं?"

"ते टेक्निकल आहे, आई," दादा म्हणाला. टेक्निकल या शब्दापुढे आमच्या घरात कोणी काही बोलत नसे. आण्णांच्या कंपनीतही बोनस कमी आला की कारण टेक्निकलच असायचं.

पुढं पाणंदीच्या एका अंगाची जमीन विकली गेली आणि तिथं घरांची स्कीम आली. तिचं नाव मी लिहीत नाही. त्यात नदी होती, दरी होती आणि इंग्रजी होतं. नदी तिथून बरीच लांब होती आणि दरी म्हणजे आमचा ओढा. स्कीमचं मार्केटिंग बघणारा एक तरुण गृहस्थ होता, सगळे त्याला केतनसर म्हणायचे. त्यानं दादाच्या स्टुडिओत लावलेला पाणंदीचा फोटो पाहिला आणि त्याच जागेवरून, त्याच उजेडात, ब्रोशरसाठी एक काढून मागितला. "फक्त रोड एकदम क्लीन पाहिजे, भावा. गुरं नको, डोक्यावर भारे नको. कस्टमरला पीसफुल वाटलं पाहिजे." दादाला हे सांगायची गरजच नव्हती. त्यानं आयुष्यातला सर्वांत चांगला फोटो काढला. हे मी आजही म्हणते. ढगांखाली तांबडा उजेड, डोंगराची धार, बाभळीच्या प्रत्येक काट्यावर ऊन, आणि मधून वळण घेत ओढ्याकडे उतरणारी रिकामी पाणंद. त्या संध्याकाळी मी दगडांच्या पिशवीशेजारी बसले होते. पाणंदीवरून आई गेली, तात्यांची गाडी गेली, शेळ्या गेल्या, शेजारच्या चिंबळीहून सासरी परत निघालेली एक पोरगी रडत गेली. फोटोत यातलं कोणी नव्हतं. होता तो स्कीमचा वॉचमन, कोपऱ्यात खुर्चीवर बसलेला, कारण तो अख्ख्या संध्याकाळी हलला नव्हता.

मग उद्घाटन झालं. अशा समारंभांचं मला लहानपणापासून कुतूहल आहे. स्टेजवर माणसं किती आणि समोर किती याचं प्रमाण मी मनातल्या मनात काढत असते. त्या दिवशी स्टेजचा विजय झाला. सगळ्यांना फेटे बांधले होते. समई वाऱ्यानं विझत होती आणि प्रत्येक वेळी ती नव्यानं पेटवायला एकेक पाहुणा पुढं येत होता, त्यामुळे कोणी उपेक्षित राहिलं नाही. सूत्रसंचालक प्रत्येकाला आधी भूमिपुत्र, मग विकासपुरुष, आणि वेळ उरला तर नावानं संबोधत होता. मागं भिंतीएवढा दादाचा फोटो. दादाला शाल, नारळ आणि टाळ्या मिळाल्या. आई पुढच्या रांगेत होती. ती माझ्या कानाशी आली आणि, घरच्या सवयीनं, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "ही आपलीच वाट न्हाई का? मग माणसं कुटं हायत?"

पावसाळा सुरू झाला तसं पाणंदीच्या तोंडाला लोखंडी गेट लागलं. वॉचमनची खुर्ची कोपऱ्यातून उचलून गेटच्या आत गेली. शेतात जायचं तर हायवेनं वळसा घालून, कंटेनर जातात त्या कडेनं, पुलाखालून उतरून मागच्या बाजूनं जायचं. ज्यांनी तो रस्ता फक्त गाडीच्या काचेतून पाहिला आहे त्यांना हे लहानसं वाटेल. डोक्यावर भारा असताना मागून ट्रेलर हॉर्न देतो तेव्हा मान वळवता येत नाही. एका संध्याकाळी आई उशिरा आली. गुडघ्यापर्यंत चिखल, भारा नाही, आणि एक चप्पल नाही. ट्रेलरला वाट देताना ती कडेच्या पाण्याच्या चारीत गेली होती. चहा घेताना ती सांगत होती ते म्हशीला आज काय घालायचं, हे.

गावानं मिळून तहसील कचेरीत तक्रार केली. वहिवाट आहे, म्हणजे पिढ्यान् पिढ्या वापर आहे, गेट काढा. स्कीमकडून उत्तर आलं की वापर नाही, आणि पुरावा म्हणून दादाचा फोटो जोडला. केतनसरांनी दादाला स्टुडिओत येऊन सांगितलं, "साहेब पाहणीला येतील तेव्हा फक्त म्हणायचं, फोटो माझा आहे. पुढच्या फेजचं सगळं शूट तुझंच, राव." पुढच्या फेजचं शूट म्हणजे दादाला पत्र्याच्या गाळ्यातून बाहेर पडायचा रस्ता होता. त्यानं ते घरी जेवताना, मान खाली घालून, हळू आवाजात सांगितलं. आमच्या घरात हळू आवाजाचा काही उपयोग नव्हता.

"काय म्हनतोय त्यो?" आण्णांनी विचारलं.

आण्णांनी पुन्हा विचारलं. शेवटी दादालाच मोठ्यानं सांगावं लागलं. "माझ्या फोटोवरून वाट बंद करणार आहेत."

"कुनाच्या?"

"माझ्या."

शेजारचं पातेलं वाजायचं थांबलं. आळीत सगळ्यांना कळलं. आण्णांनी मान हलवली, भाकरीचा तुकडा मोडला आणि एवढंच म्हणाले, "मग जाऊन सांग की त्यास्नी, काय खरं ते." दादानं पिठलं तसंच टाकलं आणि उठला. तो सांगेल की नाही, हे आम्हाला पाहणीच्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं.

साहेब आले ते भर दुपारी. त्या वेळी पाणंदीवर कुत्रंही फिरत नाही, आणि पाहणीला हीच वेळ का निवडली हे विचारायची हिंमत त्या काळी आमच्यात नव्हती. आज विचारलं असतं. जीप सावलीत लागली, साहेबांच्या डोक्यावर टोपी होती तरी एका शिपायानं वर छत्री धरली. दसरा नुकताच होऊन गेला होता, म्हणून तात्या मुरमानं भरलेली गाडी घेऊनच आले होते. बैल गेटसमोरच्या बाभळीखाली रवंथ करत होते. आम्ही सगळे उन्हात. केतनसरांनी लाकडी तिवईवर फोटो उभा केला, उद्घाटनातलाच, आता लहान करून चौकटीत बसवलेला. साहेबांनी चष्मा काढून तो निरखला. मग गेटपलीकडच्या खऱ्या पाणंदीकडे न बघता म्हणाले, "वापर दिसत नाही."

तात्या पुढं झाले. "सायेब, दसरा झाला की घरटी एक गाडी मुरूम टाकतो आमी. ही बगा, गाडी भरून हाय."

"त्याची पावती असते का?"

"मुरमाची?"

"टाकल्याची."

तात्यांनी एकदा बैलांकडे पाहिलं, जणू त्यांच्याकडे असली तर. मला राहवलं नाही. मी म्हणाले, "साहेब, आम्ही एवढे लोक इथं उभे आहोत. आम्ही दिसतोय ना?"

"जमाव जमवता येतो, बाई," ते शांतपणे म्हणाले. "फोटो खोटं बोलत नाही."

या वाक्यावर मी पुढं बरंच वाचलं, बरंच ऐकलं, आणि ते कोण कोण केव्हा केव्हा म्हणतं हेही पाहिलं. पण तेव्हा फक्त एवढंच कळलं की माझी आई समोर उभी असताना, तिचे पाय त्याच वाटेच्या मातीनं भेगाळलेले असताना, तिच्यापेक्षा एक चौकट जास्त खरी ठरते आहे. मला इतका राग आला की मी रडले. राग आल्यावर रडू येणं ही एक मोठी गैरसोय आहे. समोरच्याला वाटतं आपण हरलो.

केतनसरांनी दादाला पुढं केलं. दादा कॅमेरा गळ्यात अडकवून, लॅपटॉप पाठीवर घेऊन आला होता.

"फोटो तुमचा?"

"माझा, साहेब."

"यात काही फेरफार?"

दादा फोटोकडे बघत राहिला. आपल्या सर्वांत चांगल्या कामाकडे माणूस कसं बघतो ते मी तेव्हा पाहिलं. मग म्हणाला, "सांगून नाही कळायचं साहेब. दाखवतो. तुम्ही जीपपासून गेटपर्यंत जरा चालत या. सावकाश."

साहेबांना वाटलं त्यांचा फोटो निघतो आहे. ते छत्री दूर सारून, पोट आत घेऊन, सावकाश चालले. दादानं ट्रायपॉडवरून फोटो घेतले, अंधारे, उजळ, मधले. मग तात्यांच्या गाडीच्या पुढच्या फळीवर लॅपटॉप ठेवून बसला. स्कीमच्या ऑफिसातून साहेबांना चहा आला. चहा संपेपर्यंत फोटो तयार झाला. निळं आकाश, स्वच्छ रस्ता, जीप, गेट, आणि गेटच्या आत खुर्चीवर वॉचमन. साहेब कुठंच नव्हते.

साहेबांनी चष्मा लावला, काढला. "मी कुठाय?"

"तुम्ही चालत होता साहेब. चालतो तो यातून निघून जातो. वॉचमन बसलेला होता म्हणून राहिला."

"म्हणजे मी आलोच नाही?"

"फोटोप्रमाणं नाही."

मागून तात्या म्हणाले, "मग पाहनी कुनी केली म्हनायची?" आणि उन्हात उभ्या असलेल्या गावाला पहिल्यांदा हसू फुटलं. केतनसरांना फुटलं नाही. "सर, ह्यानं आमचीच फसवणूक केलीय. आम्हाला काय माहीत असलं काही." रोड क्लीन पाहिजे म्हणून सांगणारा तोच माणूस, त्याच तोंडानं. दादानं लॅपटॉप मिटला. पुढची फेज गेली हे त्याला तेव्हाच कळलं असणार.

साहेब चिडले, पण केतनसरांवर नाही. आपण गायब होतो हे दाखवणाऱ्यावर माणूस चिडतो. "मग आता कुठलाच फोटो धरता येणार नाही," ते म्हणाले. "दोन्ही बाजूंनी पुढच्या तारखेला या. तोवर आहे तसं राहील." आहे तसं म्हणजे गेट बंद. पुढची तारीख म्हणजे काय असते हे आमच्यातल्या सगळ्यांना ठाऊक होतं. कडेच्या चारीत गेलेली आई माझ्या शेजारी उभी होती आणि तिनं फक्त पदर नीट केला.

केतनसर फोन कानाला लावून ऑफिसात गेले आणि जाता जाता साहेब थांबले. "पाहणी केल्याचा एक फोटो लागतो फायलीला. माझा नीट काढा. उभाच राहतो." ते गेटसमोर उभे राहिले, छाती काढून. दादानं डोळ्याला कॅमेरा लावला आणि खाली घेतला.

"साहेब, गेटचे गज डोक्यातून उगवल्यासारखे दिसतायत. उघडायला सांगा."

साहेबांनी मागं न बघता हात केला. वॉचमन उठला, गेट उघडलं. साहेब कॅमेऱ्याकडे बघत होते. तात्यांनी दादाकडे पाहिलं, दादानं तात्यांकडे. दादानं मान हलवल्याचं मला दिसलं नाही, पण तात्यांनी बैल जुंपले. साहेबांना बाजूनं वळसा घालून मुरमाची गाडी गेटात शिरली आणि तिच्यामागं आई, मग बाकीच्या बायका, मग सगळं गाव, रोजच्यासारखं, घाई न करता. गाडी अर्धी आत असतानाच दादानं बटण दाबलं. एकदाच. दुपारच्या त्या उन्हात फोटो जसा यायचा तसा आला. आकाश पांढरंफटक, टोपीखाली साहेबांचा चेहरा काळा, आणि त्यांच्या खांद्यामागं अर्धी आत गेलेली गाडी आणि पाटी घेतलेली आई. तिचा एक पाय उचललेला.

तात्यांनी आत जाऊन मुरूम ओतला आणि तिथंच बैल सोडले. "भरीत आणलंय का न्हाई?" त्यांनी आईला विचारलं.

वाट वाचली, हे इथंच सांगून टाकते, कारण ती कशी वाचली याचा मला अजून राग आहे. पुढच्या तारखेला केतनसर म्हणाले इथून गाडी जातच नाही, आणि साहेबांच्या फायलीत साहेबांच्याच फोटोत गाडी जात होती. स्वतःचा फोटो खोटा कसा म्हणणार? गेट निघालं. लोकांनी दादाला खांद्यावर घेतलं, मला मात्र त्या दिवशीही आनंद झाला नाही. आमच्या बापजाद्यांचा मुरूम पुरला नाही, उन्हात उभं राहिलेलं गाव पुरलं नाही, आईची चप्पल पुरली नाही. पुरली ती एका माणसाची फोटोची हौस. ज्याला हौस नसेल असा साहेब आला असता तर आम्ही काय केलं असतं, या प्रश्नाला इतक्या वर्षांत मला कोणी उत्तर दिलेलं नाही. आता त्या पाणंदीवर डांबर आहे, स्कीममधली माणसं सकाळी कानात काही घालून तिच्यावर धावतात, आणि ती वाट बिल्डरनं दिली असं एकमेकांना सांगतात.

ती पाहणी आणि पुढची तारीख यांच्या मध्ये एकदा साहेबांचा स्टुडिओत फोन आला होता. मी काउंटरवर पुस्तक घेऊन बसले होते. फोटो त्यांना मिळाला होता. समोरचा आवाज मलाही ऐकू येत होता, अगदी मऊ, आपल्या माणसाशी बोलावं तसा. चेहरा फार काळा आलाय. तुमचं ते एचडीआर करून द्या की. आणि करताच आहात तर मागची गर्दी तेवढी काढून टाका.

दादासमोर कॉम्प्युटरवर तोच फोटो उघडा होता. आयुष्यभर तो ज्याच्याशी भांडला ते पांढरं आकाश त्यात होतं, आणि त्याच्या इतक्या संध्याकाळींतून पुसली गेलेली आई पाय उचलून चालत होती. त्यानं पुढच्या फेजचा, गाळ्याचा विचार केला असेल तर तो चेहऱ्यावर दिसला नाही.

"एकच फोटो घेतलाय साहेब," तो म्हणाला. "यातनं माणूस निघत न्हाई."